संग्रहालयातल्या प्रेक्षागृहासाठी खुर्च्या निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहालयात छोटं प्रेक्षागृह करायचं ठरलं की प्रोजेक्टर कोणता, पडदा केवढा, आवाज कसा यावर महिनोन्‌महिने बैठका होतात. खुर्च्यांचा विषय मात्र उद्घाटन तोंडावर आलं की कॅटलॉग उघडून उरकला जातो. आणि पुढची पंधरा वर्षं प्रेक्षकाच्या अंगाला लागणार असते ती खुर्चीच. प्रदर्शनं उभारण्याच्या कामात आम्हाला जे प्रश्न सारखे विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सिनेमागृहात असतात तशाच खुर्च्या घेतल्या तर काय बिघडलं?

सिनेमाला माणूस बसायच्याच तयारीने येतो आणि दोन-अडीच तास ठिय्या देतो. संग्रहालयातला माणूस तुमच्या दारात पोचतो तो तासभर दालनांमधून रेंगाळत, थांबत, वाकून पाट्या वाचत. या थकव्याला ‘म्युझियम फटीग’ असं नावच आहे. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली त्यावर लेख लिहिला आणि मान वळवून, कंबरेत वाकून काचपेट्यांत डोकावणाऱ्या माणसाचे फोटो त्याला जोडले. शंभर वर्षांत काचपेट्या सुधारल्या, पाय तेच राहिले.

असा दमलेला माणूस आत येतो आणि फिल्म असते बारा मिनिटांची. मागे कलणारी गुबगुबीत खुर्ची बसताक्षणी छान वाटते, पण बारा मिनिटांनी तिच्यातून स्वतःला उपसून काढावं लागतं. शिवाय इथे लोक फिल्म सुरू असताना येतात, मूल रडलं की मधूनच उठतात, गाइडने हाक मारली की अख्खी रांग हलते. कलणाऱ्या खुर्च्यांना दोन रांगांत साधारण ११० ते १२० सें.मी. अंतर लागतं, ताठ पाठीच्या खुर्चीचं काम ९० ते १०० सें.मी.त भागतं.

आमचा ढोबळ हिशेब असा : दहा मिनिटांपर्यंतच्या, सतत फिरत राहणाऱ्या फिल्मला पाठ असलेली बाकं पुरतात. दहा मिनिटं ते अर्धा तास असेल तर ताठ पाठीची, गादीची, हात असलेली खुर्ची घ्या. व्याख्यानं, मोठे माहितीपट, मैफली होणार असतील तरच नाट्यगृहाच्या तोडीची आसनं बघा.

आरामशीर खुर्ची ओळखायची कशी? मापं काय हवीत?

बैठकीची उंची जमिनीपासून ४३ ते ४६ सें.मी., खोली ४३ सें.मी.च्या आसपास, आणि एका खुर्चीच्या मध्यापासून शेजारच्या खुर्चीच्या मध्यापर्यंत निदान ५२ ते ५६ सें.मी. बैठक जास्त खोल असली की बुटक्या माणसाला पाठ टेकता येत नाही. टेकलीच तर बैठकीची कड गुडघ्यामागे रुतते आणि पाय अधांतरी लोंबतात. कड पुढून गोलसर उतरती असावी.

पण मापांपेक्षा एक गोष्ट जास्त सांगून जाते. खुर्चीत बसून बघतातच सगळे; तुम्ही उठून बघा. एखादी आजी खुर्चीतून कशी उठते ते नीट पाहा. आधी ती सरकत सरकत बैठकीच्या कडेवर येते. मग टाचा खुर्चीखाली ओढून घेते. दोन्ही तळहात खुर्चीच्या हातांवर रोवते, अंग पुढे झुकवते आणि मग उठते. यातली प्रत्येक हालचाल खुर्चीने करू दिली पाहिजे. म्हणजे गादी इतकी मऊ नको की पुढे सरकताच येऊ नये. बैठकीखाली पाय मागे घ्यायला मोकळी जागा हवी. शोभेसाठी पुढून फळी लावून ती बंद करतात, ते करू नका. खुर्चीचे हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत आणि मुठीत धरता येतील असे हवेत. अर्ध्यावर संपणारे हात फक्त कोपर टेकायला बरे, जोर द्यायला काही उपयोगाचे नाहीत. कॅटलॉगमधली निम्मी सुबक दिसणारी खुर्ची-मंडळी या एका कसोटीतच गळतात.

व्हीलचेअरसाठी किती जागा ठेवायच्या?

सगळ्यात आधी तुमच्याकडचा कायदा आणि बांधकाम नियमावली बघा, त्यातून सुटका नाही. तिथे आकडा स्पष्ट नसेल तर अमेरिकेच्या एडीए या अपंगांच्या हक्कांसाठीच्या कायद्याखालची २०१० सालची मानकं अंदाजाला उपयोगी पडतात. त्यांच्यानुसार २६ ते ५० आसनांच्या सभागृहात निदान २, ५१ ते १५० आसनांना ४ आणि १५१ ते ३०० आसनांना ५ जागा लागतात. एकट्या जागेची रुंदी ९१.५ सें.मी.; दोन शेजारी शेजारी असतील तर प्रत्येकी ८४ चालते. खोली मात्र आत शिरण्याच्या दिशेवर ठरते. पुढून किंवा मागून शिरायचं तर १२२ सें.मी., बाजूने वळून शिरायचं तर १५२.५ सें.मी. हा फरक नकाशा काढणाऱ्यांच्या हमखास नजरेतून सुटतो, आणि मग कागदावर बसलेली व्हीलचेअर प्रत्यक्षात तिरकी अडकते.

हे आकडे किमान आहेत. संग्रहालयात ज्येष्ठांच्या सहली येतात, विशेष शाळांचे वर्ग येतात. एका खेळाला पाच-सहा व्हीलचेअर एकदम येणं ही नवलाची गोष्ट नाही. म्हणून कायम मोकळ्या जागांखेरीज तेवढ्याच जागा काढता येण्याजोग्या खुर्च्यांच्या ठेवाव्यात असं आमचं मत आहे. विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअर साध्या व्हीलचेअरपेक्षा बऱ्याचदा लांबरुंद असतात, त्यामुळे एखादी जागा ऐसपैस ठेवा. जमीन जवळजवळ सपाट हवी, ४८ला १ (म्हणजे ४८ सें.मी. लांबीत १ सें.मी.) यापेक्षा जास्त उतार नको. नाहीतर माणूस अख्खी फिल्म ब्रेकवर हात ठेवून बघतो. आणि ही जागा येण्याजाण्याच्या वाटेतून कापून घ्यायची नाही.

या जागा शेवटच्या रांगेमागे ठेवणं सगळ्यात सोपं. तिथेच का नको?

सोपं कोणाला, हा प्रश्न आहे. दारातून आत आलं की मागची जागा सपाट असते, रॅम्प लागत नाही, म्हणून आर्किटेक्टला सोपं. बसणाऱ्याला तिथून पुढचा कोणी उभा राहिला की पडदा दिसत नाही, उशिरा येणारे त्याच्याच अंगावरून जातात आणि दार उघडलं की बाहेरच्या दालनाचा गलबला थेट कानात.

दुसरं टोक म्हणजे सगळ्या जागा पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात. पडद्याच्या अगदी जवळ मान वर करून बसावं लागतं. ज्याची मान आधीच नीट साथ देत नाही त्याला तर हे नकोच.

निवड हवी. काही जागा मध्यावर, काही मागे, जमल्यास एखादी पुढे. डावीकडे आणि उजवीकडेही. प्रत्येक जागेच्या लगत, त्याच रांगेत, सोबत्याची खुर्ची. सोबत्याचा खांदा व्हीलचेअरमधल्या माणसाच्या खांद्याच्या रेषेत आला पाहिजे, एक पाऊल मागे नाही. कानात काही सांगायचं, पाण्याची बाटली पुढे करायची, नुसतं एकमेकांकडे बघून हसायचं, हे सगळं त्या एका रेषेवर अवलंबून असतं.

एका प्रेक्षागृहाच्या उभारणीत आम्हीही होतो. तिथे नियमाप्रमाणे चार जागा काढल्या होत्या, चारही एकाच कोपऱ्यात. वर्षभराने गेलो तेव्हा त्या कोपऱ्यात एक दानपेटी, घडी घातलेलं स्टॅंडी आणि ओला मॉप उभा होता. कर्मचाऱ्यांचा दोष म्हणवत नाही. रिकामा कोपरा दिसला की तिथे काहीतरी येऊन बसतंच. रांगेच्या मध्ये असलेल्या मोकळ्या जागेत मात्र कोणी मॉप ठेवत नाही.

मागच्यांना पुढच्यांची डोकी आड येतात. उपाय?

दृष्टिरेषेचा हिशेब करणारे लोक त्याला ‘सी-व्हॅल्यू’ म्हणतात : मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा किती वरून जाते ते अंतर. ६ सें.मी. म्हणजे कसंबसं, ९ चांगलं, १२ उत्तम. सपाट जमिनीवर तीन-चार रांगांच्या पुढे हे साधत नाही. मग पडदा वर घ्या, खुर्च्या अर्ध्या खुर्चीने सरकवून तिरप्या रेषेत मांडा, किंवा मागच्या रांगा चढत्या करा.

चढत्या रांगांत व्हीलचेअरची वाट विसरली जाते. एका बाजूला रॅम्प घेतला तर त्याचा चढ १२ला १ पेक्षा तीव्र नको, आणि मधल्या पातळीवरही सपाट जागा ठेवायची. व्हीलचेअरमध्ये बसलेल्या माणसाची नजर शेजारच्या खुर्चीतल्या माणसापेक्षा बहुधा थोडी उंच असते, म्हणून त्याच्या मागच्या खुर्चीतून प्रत्यक्ष बसून पडदा दिसतो का ते बघा.

आणखी एक गोष्ट खुर्च्यांइतकीच पडद्याची आहे. सबटायटल पडद्याच्या तळाशी असतात आणि डोकी नेमकी तिथेच आड येतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांची अर्धी फिल्म तिथेच संपते. सबटायटल वर घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. तो फिल्म बनवणाऱ्याला आधी सांगावा लागतो.

कडेच्या खुर्चीचा हात वर उचलला जातो, तो कशासाठी?

अनेक जण व्हीलचेअरमधून साध्या खुर्चीत सरकून बसणं पसंत करतात. व्हीलचेअर शेजारी लावायची, ब्रेक दाबायचा, आडवा येणारा हात वर करायचा आणि अंग सरकवायचं. हात अचल असेल तर त्यावरून स्वतःला उचलून न्यावं लागतं, ते सगळ्यांना जमत नाही. कंबर-गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसालाही असा हात उपयोगी पडतो. एडीएच्या मानकांत वाटेलगतच्या खुर्च्यांपैकी निदान ५ टक्के अशा असाव्यात असं म्हटलं आहे. प्रत्येक वाटेलगत दोन-तीन तरी ठेवा आणि त्यावर छोटं चिन्ह लावा, नाहीतर हात वर होतो हे दारावरच्या माणसालाही ठाऊक नसतं.

माणूस सरकून बसला, आता व्हीलचेअर कुठे? ती बाहेर लॉबीत नेऊन ठेवणं म्हणजे एखाद्याचे पाय काढून दुसऱ्या खोलीत ठेवण्यासारखं आहे. रांगेच्या टोकाशी, त्याला दिसेल अशी, वाट न अडवणारी जागा हवी.

स्थूल माणसांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून काय करता येईल?

दर एक-दोन रांगांत हात नसलेलं दोन जणांचं आसन किंवा ७० सें.मी. रुंदीची खुर्ची ठेवा. पुरवठादाराकडून वजन पेलण्याची क्षमता लेखी घ्या. ‘मजबूत आहे साहेब’ हे उत्तर धरू नका. त्यावर कसलीही पाटी नको. तशा आसनावर आई आणि मूलही बसतं, जोडपंही बसतं, त्यामुळे ते कोणासाठी आहे हे कोणाला कळत नाही.

नुसती बाकं ठेवली तर?

छोट्या फिल्मला बाक उत्तम. कुटुंब एकत्र बसतं, मुलं मांडीवरून खाली उतरतात, कोणी आलं की सरकून जागा करता येते. पण निदान निम्म्या बाकांना पाठ आणि मधेमधे उठताना धरायला हात हवेत. बाकाचं एक टोक भिंतीपासून निदान ९१.५ सें.मी. आत घ्या, म्हणजे व्हीलचेअर त्याच ओळीत येते आणि कोणाला वेगळं बसावं लागत नाही. सध्या फॅशनमध्ये असलेले गाद्यांचे ठोकळे आणि जमिनीलगतचे पूफ मुलांना आवडतात. ठेवा, पण फक्त तेवढेच ठेवणारे डिझायनर बहुतेक तिशीच्या आतले असतात.

खुर्च्या जमिनीला पक्क्या बसवाव्यात की हलवता येण्यासारख्या असाव्यात?

सभागृह रात्री कार्यशाळेसाठी वापरायचं असेल तर हलत्या. पण मांडणी करताना रांगेतल्या खुर्च्या एकमेकींना अडकवता आल्या पाहिजेत. धावपळीत सुट्या खुर्च्या आडव्या पडल्या की बाहेर पडायची वाट बंद होते. पक्क्या रांगांमधल्या ‘काढता येणाऱ्या’ खुर्चीबद्दल एकच प्रश्न विचारा : ती काढायला काय लागतं? पाना लागत असेल तर ती खुर्ची कधीच निघणार नाही. पाना कपाटात असतो, कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे असते.

बैठक आपोआप मिटणारी असेल तर ती नमुन्यात वीस वेळा सोडून आवाज ऐका. शांत फिल्ममध्ये ‘ठक्क’ असा आवाज करणारी स्प्रिंग पहिल्या दिवशीच ओळखू येते.

कापड, रेक्झिन की लाकूड?

कापडी गादीचा एक फायदा चटकन लक्षात येत नाही. ती आवाज शोषते, त्यामुळे रिकाम्या खुर्चीचा परिणाम माणूस बसलेल्या खुर्चीच्या जवळपास जातो. पाच माणसं असोत की पन्नास, आवाज फारसा बदलत नाही. संग्रहालयात दुपारच्या खेळाला पाचच माणसं असतात, म्हणून हे महत्त्वाचं. रेक्झिन पुसायला सोपं, पण घाम धरतं आणि उठताना चर्र करतं. लाकूड टिकतं, पण घुमतं.

संग्रहालयाची खास अडचण वेगळीच आहे. नाट्यगृहांत लोकरीचं कापड नावाजलेलं आहे, पण कपड्यांना लागणारी कसर आणि गालिच्याचे किडे लोकरीवर वाढतात. शेजारच्या दालनात जुनी वस्त्रं किंवा पिसांचे नमुने असतील तर तुम्ही त्या किड्यांना पायघड्याच घालता. अशा ठिकाणी सिंथेटिक कापड घ्या आणि बैठकीखाली झाडू किंवा व्हॅक्यूमची नळी पोचेल एवढी उंची ठेवा. प्रेक्षागृहातच वस्तू मांडलेल्या असतील तर फोम, गोंद आणि दाबलेल्या लाकडातून निघणाऱ्या वाफांचाही विचार करा. धातूच्या पट्ट्या साहित्यासोबत बंद बाटलीत ठेवून गंज चढतो का ते बघण्याची ‘ऑडी चाचणी’ ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली सुरू केली. तुमच्या जतन विभागाला ती ठाऊक असते. खरेदीच्या बैठकीला त्यांना बोलवा.

घासून टिकण्याच्या मार्टिनडेल चाचणीत ४०,००० फेऱ्यांच्या वर गेलेलं कापड मागा. आगीच्या चाचणीचं प्रमाणपत्र अख्ख्या गादीचं हवं, नुसत्या कापडाचं किंवा नुसत्या फोमचं नाही. एकेकटे पास झालेले दोघं एकत्र नापास होऊ शकतात. कव्हर चेनचं असेल तर मुलाने काही सांडलं की एकाच बैठकीचं कव्हर बदलून काम भागतं.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचा आणि खुर्च्यांचा काय संबंध?

इंडक्शन लूप म्हणजे जमिनीखालून फिरवलेली तार. तिच्या चुंबकीय क्षेत्रातून आवाज थेट श्रवणयंत्रातल्या टेलिकॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या छोट्या वेटोळ्यात जातो. जमिनीतल्या लोखंडी सळया आणि खुर्च्यांचे पोलादी सांगाडे हे क्षेत्र कमजोर करतात. म्हणून लूपची रचना खुर्च्या ठरल्यावर करा आणि मोजणी खुर्च्या बसवल्यावर. आयईसी ६०११८-४ या मानकाप्रमाणे ती होते. रिकाम्या हॉलमध्ये मोजून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराला पुन्हा बोलवा.

अंध आणि अंधुक दिसणाऱ्या प्रेक्षकांसाठी?

अंधारात गडद निळ्या गालिच्यावर गडद निळी खुर्ची म्हणजे खुर्ची नाहीच. खुर्ची आणि जमीन यांच्या प्रकाश परावर्तनात ० ते १००च्या मोजपट्टीवर ३० अंकांचा फरक ठेवावा असा ब्रिटनमध्ये प्रघात आहे. पायरीच्या कडेवर उठून दिसणारी पट्टी आणि रांगेच्या टोकाला उठावदार अंक व ब्रेल हवं. वाटाड्या कुत्र्याला मालकाच्या पायाशी, कोणाचा पाय पडणार नाही अशी जागा लागते. टोकाच्या एका खुर्चीसमोर ती सहज निघते.

गर्दी आणि मोठा आवाज सहन न होणाऱ्यांचं काय?

दाराजवळ, कोणालाही न ओलांडता उठून जाता येईल अशा दोन-चार खुर्च्या स्पीकरपासून दूर ठेवा. त्यातली एखादी डुलणारी असेल तर ऑटिझम असलेल्या काही मुलांना ती स्थिर खुर्चीपेक्षा जास्त शांतवते.

आमचं प्रेक्षागृह घुमटाचं, तारांगणासारखं आहे. तिथे वेगळं काही?

तारांगणाचं आणि संग्रहालयाचं नातं जुनं आहे. प्रोजेक्टरचं पहिलं तारांगण १९२५ साली म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्येच कायमचं सुरू झालं. घुमटात खुर्ची कलती लागतेच, पण कलणं जितकं जास्त तितकं उठणं कठीण, म्हणून सरळ होताना हलकासा धक्का देणारी स्प्रिंग हवी. सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला असतील तर मागच्या रांगांमधून मान फार न उचलता जवळजवळ सगळा घुमट दिसतो. व्हीलचेअरच्या जास्त जागा तिथे द्या. घुमट हा एकच प्रकार असा आहे जिथे मागची जागा खरोखर चांगली असते.

ऑर्डर देण्याआधी खात्री कशी करायची?

नमुन्याच्या दोन खुर्च्या मागवा आणि कर्मचाऱ्यांच्या चहाच्या खोलीत पंधरा दिवस ठेवा. सोबत जमिनीवर चिकटपट्टीने दोन रांगा, वाट आणि व्हीलचेअरच्या जागा खऱ्या मापात आखा. मग व्हीलचेअर वापरणाऱ्या, काठी घेऊन चालणाऱ्या, खूप उंच, खूप बुटक्या लोकांना बोलावून तिथे फिल्मच्या लांबीइतकं बसवा. त्यांना वेळेचं मानधन द्या. ‘कशी वाटली?’ असं विचारलं तर सगळे ‘छान’ म्हणतात. त्याऐवजी ते कितव्या मिनिटाला चुळबुळ करतात ते घड्याळात बघा.

जुन्याच खुर्च्या आहेत, बदलायला पैसे नाहीत. निदान काय करता येईल?

दोन वेगवेगळ्या रांगांतून, सपाट जमीन आणि वर सांगितलेली खोली मिळेल तिथे, वाटेलगतच्या दोन-दोन खुर्च्या काढा. व्हीलचेअरच्या जागा तयार. बोल्टची भोकं गालिच्याने झाकू नका, भरून समतल करा. व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक अशाच भोकात अडकतं. कडेच्या काही खुर्च्यांचे हात वर उचलले जाणारे बसवून मिळतात. पायऱ्यांच्या कडांना पट्ट्या लावा, जळालेले वाटेतले दिवे बदला, सबटायटल वर घ्या.

काढलेल्या चार खुर्च्या भंगारात देऊ नका. तुमच्या खुर्चीचं मॉडेल बहुधा बंद झालेलं असतं आणि बिजागरी, स्प्रिंग, हाताचे स्क्रू पुढची दहा वर्षं याच चार खुर्च्यांमधून निघणार आहेत.